आंतरराष्ट्रीय दातृत्व व अनुदानविषयक संशोधन : आंतरजालावरील माहितीस्रोतांचा शोध आणि पारख

सारांश : परदेशी दानसंस्था व त्यांची अनुदाने यांविषयीची माहिती आंतरजालावर विखुरलेली दिसते, तथापि तिच्या विखुरण्यामागे एक निश्चित सूत्र आहे. ज्या देशाचा कायदा देणाऱ्याला अथवा घेणाऱ्याला जे जाहीर करावयास लावतो, तेच प्रामुख्याने आंतरजालावर सापडते. हे सूत्र ध्यानी घेऊन अमेरिका, ब्रिटन, बहुराष्ट्रीय संघटना व भारत येथील प्रमुख स्रोतांचा परिचय, त्यांच्या मर्यादा आणि शोधाचा व्यवहार्य क्रम यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : दातृत्व, प्रतिष्ठान, अनुदान, विवरणपत्र, परदेशी योगदान, अभिलेखागार.

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाला परदेशी निधीच्या माहितीची गरज साधारणतः दोन निमित्तांनी भासते. एक तर स्वतःच्या संशोधन प्रकल्पासाठी किंवा संस्थेच्या उपक्रमासाठी अनुदान हवे असते. अथवा दातृत्व हाच त्याच्या अभ्यासाचा विषय असतो. अर्थशास्त्र, समाजकार्य, इतिहास, राज्यशास्त्र व ग्रंथालयशास्त्र या सर्वच विषयांत दुसऱ्या प्रकारच्या संशोधनाला मोठा वाव आहे. दोन्ही प्रसंगी शोधाची सुरुवात बहुधा एकाच प्रकारे होते. शोधयंत्रात ‘आंतरराष्ट्रीय अनुदान’ अशा आशयाचे शब्द टाकले जातात आणि समोर येतात त्या मुदत उलटून गेलेल्या जाहिरातींच्या याद्या, वर्गणी मागणारी संकेतस्थळे आणि कोणी, केव्हा, कशाच्या आधारे लिहिली हे न कळणारी पाने.

ही निराशा टाळता येण्याजोगी आहे. दातृत्व ही खासगी कृती असली तरी करसवलत मिळाली की तिच्यावर सार्वजनिक हिशेबाचे बंधन येते. या बंधनातून जी दप्तरे निर्माण होतात, तीच आंतरजालावरील बहुतेक विश्वसनीय माहितीचे मूळ होत. वर्गणी घेणाऱ्या मोठ्या डेटाबेसचा पायाही बऱ्याच अंशी हीच सार्वजनिक दप्तरे असतात. म्हणून यादीच्या मागे न लागता मूळ दप्तरापर्यंत पोहोचण्याची सवय संशोधकाने लावून घेणे अगत्याचे ठरते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय दातृत्व म्हणजे पाश्चात्त्य देशांनी द्यायचे आणि भारताने घ्यायचे, असे सरसकट समीकरण मांडले जाते. वस्तुतः मुंबईच्या सर रतन टाटा यांनी १९१२ साली लंडन विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे दारिद्र्याच्या कारणांचा व निवारणाचा अभ्यास करणारे रतन टाटा फाउंडेशन उभे राहिले आणि आर. एच. टॉनी हे त्याचे पहिले संचालक झाले. निधीचा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला आहे, हे स्मरणात ठेवल्यास शोधाची क्षेत्रेही विस्तारतात.

१. अमेरिकेतील स्रोत : करविवरणपत्र हेच मूळ दप्तर

अमेरिकेत करमुक्त संस्थांना इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस म्हणजेच आयआरएस या महसूल यंत्रणेकडे दरवर्षी माहितीदर्शक विवरणपत्र सादर करावे लागते आणि ते जनतेला पाहता येते. खासगी प्रतिष्ठानांसाठी ‘फॉर्म ९९०-पीएफ’ व लोकांकडून देणग्या मिळविणाऱ्या सार्वजनिक धर्मादाय संस्थांसाठी ‘फॉर्म ९९०’ असे दोन मुख्य नमुने आहेत. १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने खासगी प्रतिष्ठानांवर कडक नियम लादले. गुंतवणुकीच्या मूल्याच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरवर्षी धर्मादाय कार्यासाठी खर्च करण्याचे आजचे बंधन याच व्यवस्थेतून आलेले आहे.

अभ्यासकाच्या दृष्टीने ९९०-पीएफ हा दस्तऐवज अत्यंत मोलाचा आहे. त्यात प्रतिष्ठानाची मालमत्ता, विश्वस्तांची नावे, त्यांना दिलेले मानधन आणि वर्षभरात दिलेल्या प्रत्येक अनुदानाची नोंद असते. अनुदान घेणाऱ्या संस्थेचे नाव, पत्ता, प्रयोजन व रक्कम या चारही बाबी तेथे मिळतात. अनुदानेच्छूने त्यातील आणखी एक लहानशी नोंद आवर्जून पाहावी. आपण केवळ आधी निवडलेल्या संस्थांनाच देणग्या देतो व न मागविलेले अर्ज स्वीकारत नाही, असे सांगणारी एक चौकट या नमुन्यात असते. तिच्यात खूण असेल तर त्या प्रतिष्ठानाला प्रस्ताव पाठविण्यात वेळ घालविणे व्यर्थ होय. ही एक चौकट पाहिली तर अनेक अर्जांचे श्रम वाचू शकतात.

सार्वजनिक धर्मादाय संस्थांच्या फॉर्म ९९० ची गोष्ट मात्र निराळी आहे. परदेशातील कार्याची माहिती त्याच्या ‘शेड्यूल एफ’ या परिशिष्टात असते. परंतु तेथे परदेशी संस्थांची नावे जाहीर केली जात नाहीत. केवळ ‘दक्षिण आशिया’ असा प्रदेश, प्रयोजन व रक्कम एवढेच दिसते. त्यामुळे खासगी प्रतिष्ठानाने पुण्यातील एखाद्या संस्थेला दिलेले अनुदान नावानिशी सापडते, तर सार्वजनिक धर्मादाय संस्थेने दिलेले अनुदान प्रदेशाच्या बेरजेत लुप्त होते. ‘डोनर ॲडव्हाइज्ड फंड’ या मार्गाने दिलेल्या रकमेबाबत मूळ दात्याचे नावही कळत नाही. हा फरक ठाऊक नसल्यास ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘अनुदान नाही’ असा लावला जाण्याचा धोका संभवतो.

ही विवरणपत्रे पाहण्याचे विनामूल्य साधन म्हणजे प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेला ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’. आयआरएसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो. २०१६ पासून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरलेल्या विवरणपत्रांची माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात खुली झाली आणि २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक भरणा अनिवार्य केला. प्रत्येक संस्थेला असलेला नऊ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे ईआयएन, हा शोधाचा सर्वांत खात्रीचा धागा होय; कारण एकसारख्या नावांची अनेक प्रतिष्ठाने अस्तित्वात असतात.

अमेरिकेतील मराठी भाषकांच्या दातृत्वाचा अभ्यासही या मार्गाने होऊ शकतो. साहित्य व समाजकार्य यांसाठीच्या पुरस्कारांमुळे महाराष्ट्रात परिचित असलेले महाराष्ट्र फाउंडेशन ही अमेरिकेत स्थापन झालेली संस्था आहे. अशा प्रवासी भारतीयांच्या करमुक्त संस्थांनाही हाच कायदा लागू असतो. महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना परदेशस्थ मराठी माणसांनी काय दिले, हा विषय बहुधा आठवणी व गौरवग्रंथांच्या आधारे हाताळला जातो. त्याला विवरणपत्रांच्या आकड्यांची जोड देणे आता शक्य आहे.

संकलित डेटाबेसमध्ये ‘कँडिड’ ही संस्था अग्रगण्य आहे. १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेले फाउंडेशन सेंटर आणि १९९४ मध्ये सुरू झालेले गाइडस्टार यांच्या २०१९ मधील विलीनीकरणातून ती अस्तित्वात आली. प्रतिष्ठानांची विषयवार, प्रदेशवार व रकमेनुसार छाननी करण्याची सोय हे तिचे वैशिष्ट्य. पूर्ण सेवेसाठी वर्गणी पडते. परंतु एखाद्या प्रतिष्ठानाचे नाव एकदा हाती आले की पुढील पडताळणी मूळ विवरणपत्रावरून विनामूल्य करता येते, हे लहान महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी ध्यानात घ्यावे. गेट्स फाउंडेशन, फोर्ड फाउंडेशन, मॅकआर्थर फाउंडेशन यांसारखी मोठी प्रतिष्ठाने आपापल्या संकेतस्थळांवर अनुदानांचे स्वतंत्र डेटाबेस ठेवतात, तेही उपयुक्त आहेत.

कालांतराची मर्यादा मात्र सर्वत्र लागू आहे. आर्थिक वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरण्यास काही महिन्यांची मुदत व त्यावर मुदतवाढ मिळते, त्यामुळे उपलब्ध माहिती साधारणतः एक ते दोन वर्षे जुनी असते.

२. ब्रिटनमधील स्रोत

इंग्लंड व वेल्स येथील धर्मादाय संस्थांची नोंदवही चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांच्या नियामक यंत्रणा स्वतंत्र आहेत. २५,००० पौंडांहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या संस्थांना आपले लेखे व विश्वस्तांचा वार्षिक अहवाल आयोगाकडे पाठवावा लागतो आणि अलीकडच्या काही वर्षांचे हे अहवाल नोंदवहीतूनच उतरवून घेता येतात. अमेरिकी विवरणपत्र आकड्यांनी समृद्ध असते, तर ब्रिटिश अहवाल विवेचनाने. अनुदान देण्याचे धोरण, प्राधान्यक्रम व त्यातील बदल यांची कारणे विश्वस्त स्वतःच्या शब्दांत मांडतात. धोरणाचा अभ्यास करणाऱ्यास त्यामुळे हे अहवाल अधिक उपयोगी ठरतात.

याच्या जोडीला ‘३६० गिव्हिंग’ हा उपक्रम आहे. अनुदान देणाऱ्या संस्थांनी आपली माहिती एका समान नमुन्यात प्रसिद्ध करावी, असे त्याचे सूत्र असून ‘ग्रँटनॅव्ह’ या साधनाद्वारे ती एकत्रितपणे शोधता येते. येथील सहभाग ऐच्छिक आहे. म्हणून ग्रँटनॅव्हवर एखादी संस्था न आढळल्यास चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीकडे वळावे.

३. बहुराष्ट्रीय आकडेवारी

एखाद्या देशाचे वा विषयाचे समग्र चित्र पाहावयाचे असल्यास आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची आकडेवारी पाहावी. शासकीय विकासमदतीबरोबरच मोठ्या खासगी प्रतिष्ठानांची माहितीही तिच्या डेटाबेसमध्ये समाविष्ट होते. २०१८ मध्ये या संघटनेने खासगी दातृत्वाविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत प्रतिष्ठानांनी विकासकार्यासाठी २३.९ अब्ज डॉलर दिले. त्यांपैकी जवळजवळ निम्मा वाटा एकट्या गेट्स फाउंडेशनचा होता आणि लाभार्थी देशांत भारत अग्रस्थानी होता.

या आकड्यांतून संशोधकाने घ्यावयाचा बोध पद्धतिशास्त्रीय आहे. एकाच दात्याचा वाटा इतका मोठा असेल तर ‘परदेशी दातृत्वाचा कल’ म्हणून जे दिसते, ते प्रत्यक्षात एका संस्थेच्या संचालक मंडळाचे निर्णय असू शकतात. सरासरी व टक्केवारी मांडण्यापूर्वी सर्वांत मोठा दाता बाजूला काढून हिशेब पुन्हा करून पाहणे आवश्यक ठरते.

२००८ मध्ये अक्रा येथील परिषदेत सुरू झालेला ‘इंटरनॅशनल एड ट्रान्स्परन्सी इनिशिएटिव्ह’ हा दुसरा स्रोत होय. प्रकल्पनिहाय तपशील हे त्याचे बलस्थान. परंतु माहिती प्रसिद्ध करणाऱ्या संस्थाच तिच्या अचूकतेस जबाबदार असतात आणि एकच रक्कम देणारा व मध्यस्थ अशा दोघांच्याही नोंदीत येऊ शकते. बेरीज करताना दुहेरी गणना टाळण्याची दक्षता घ्यावी लागते.

४. भूतकाळाचा शोध : अभिलेखागारे

चालू अनुदानांची माहिती देणारे स्रोत फार मागे जात नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला अभिलेखागारांकडे वळावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील स्लीपी हॉलो येथे असलेल्या रॉकफेलर आर्काइव्ह सेंटरमध्ये रॉकफेलर फाउंडेशन व फोर्ड फाउंडेशन या दोहोंची दप्तरे जतन केलेली आहेत. त्यांची सूची ‘डाइम्स’ या प्रणालीद्वारे घरबसल्या पाहता येते. रॉकफेलर फाउंडेशनची स्थापना १९१३ ची असून त्याचे जुने वार्षिक अहवालही आंतरजालावर वाचता येतात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या दप्तरांचे महत्त्व दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ही १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या संयुक्त विद्यमाने ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ या नावाने सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातील तत्कालीन शिमोगा जिल्ह्यात उद्भवलेल्या क्यासनूर जंगल ज्वराचा शोध याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी घेतला. १९६७ मध्ये फाउंडेशनने आपले साहाय्य थांबविले आणि १९७८ मध्ये संस्थेला आजचे नाव मिळाले. दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजचे. भारतातील आधुनिक भाषाविज्ञानाच्या प्रशिक्षणाला १९५० च्या दशकात तेथे जी चालना मिळाली, तीमागे रॉकफेलर फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते. फोर्ड फाउंडेशननेही १९५२ मध्ये अमेरिकेबाहेरील आपले पहिले कार्यालय नवी दिल्ली येथेच उघडले.

अशा विषयांचा शोध घेताना नावांच्या रूपांकडे विशेष लक्ष पुरवावे लागते. जुन्या इंग्रजी दप्तरांत ‘पुणे’ शोधल्यास फारसे काही हाती लागणार नाही. ‘पूना’ शोधल्यास लागेल. तीच गोष्ट मुंबई व ‘बॉम्बे’ यांची. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. येत्या काळात ही नावेही दोन्ही रूपांत शोधावी लागतील. संस्थांची नावेही बदलतात. ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ या नावाने १९५२ ते १९७८ या काळातील कागदपत्रे मिळणार नाहीत.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे महाविद्यालय हे बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेचे घटक असते. न्यास वा सोसायटी म्हणून नोंदणी त्या मातृसंस्थेची असते. त्यामुळे परदेशी विवरणपत्रांत व भारतीय नोंदवह्यांत महाविद्यालयाचे नाव न सापडता मातृसंस्थेचे नाव सापडते. शोध निष्फळ ठरण्याचे हे एक नित्याचे कारण आहे.

५. भारतीय बाजू : घेणाऱ्याचे दप्तर

देणाऱ्याकडील नोंदीची पडताळणी घेणाऱ्याकडील नोंदीशी करणे, हा कोणत्याही हिशेबाचा पहिला नियम. भारतात परदेशी निधी स्वीकारण्याचे नियमन परदेशी योगदान विनियमन अधिनियम, २०१० अन्वये होते. त्यापूर्वी १९७६ चा कायदा लागू होता. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी अथवा विशिष्ट निधीसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीने नियम अधिक कठोर झाले. निधी प्रथमतः भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा होणे बंधनकारक झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई झाली. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम दूरगामी आहे. मोठ्या संस्थेने परदेशी निधी घेऊन ग्रामीण भागातील लहान संस्थांना वाटून देण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

अध्यापकाने येथे दोन भेद जाणून घ्यावेत. व्यक्तीला मिळणारी शिष्यवृत्ती, विद्यावेतन अथवा तत्सम रक्कम या कायद्याच्या मनाईतून वगळलेली आहे. संस्थेच्या खात्यात येणारे प्रकल्प अनुदान मात्र वगळलेले नाही. तसेच संयुक्त राष्ट्रसंघ व त्याच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांची गणना ‘परदेशी स्रोत’ म्हणून होत नाही. एखादे परदेशी अनुदान शोधण्यापूर्वी आपली मातृसंस्था या कायद्याखाली नोंदणीकृत आहे काय व नोंदणीची पाच वर्षांची मुदत शिल्लक आहे काय, याची चौकशी करणे श्रेयस्कर. प्रस्ताव उत्तम असूनही या एका कारणाने मंजूर निधी स्वीकारता न येण्याची वेळ येऊ शकते.

अमेरिकी बाजूनेही अडसर असतो. खासगी प्रतिष्ठानाला परदेशी संस्थेस अनुदान देताना एक तर ती संस्था अमेरिकी धर्मादाय संस्थेशी समतुल्य असल्याची खातरजमा करावी लागते, अन्यथा निधीच्या विनियोगावर देखरेखीची विशेष जबाबदारी घ्यावी लागते. घटनापत्र, लेखापरीक्षण अहवाल, पदाधिकाऱ्यांची यादी अशी कागदपत्रे मागितली जातात ती याच कारणाने.

घेणाऱ्याच्या दप्तराची उपलब्धता मात्र गेल्या काही वर्षांत आक्रसली आहे. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांची वार्षिक विवरणपत्रे गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत असत. जुलै २०२२ मध्ये ही विवरणपत्रे, तसेच नोंदणी रद्द झालेल्या संस्थांच्या याद्या तेथून काढून टाकण्यात आल्या. त्याच महिन्यात नियमांत दुरुस्ती होऊन तिमाही जमा रकमा संकेतस्थळावर जाहीर करण्याची तरतूदही वगळण्यात आली. वार्षिक लेखापरीक्षित लेखे जाहीर करण्याचे बंधन उरले असल्याने त्या त्या संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ हा आता महत्त्वाचा स्रोत ठरतो.

देशांतर्गत निधीच्या तुलनात्मक अभ्यासासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाचे राष्ट्रीय सीएसआर पोर्टल उपलब्ध आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी राखावी लागते व तिची राज्यनिहाय आणि विषयनिहाय माहिती तेथे मिळते. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्तांकडे होते. आंतरजालावर नोंद न मिळाल्यास संबंधित धर्मादाय कार्यालयात अर्ज करून प्रती मिळविण्याचा मार्ग मोकळा असतो.

६. माहितीची पारख व जतन

आंतरजालावरील माहिती टिकाऊ असते, हा समज २०२५ च्या आरंभी पुन्हा एकदा खोटा ठरला. अमेरिकी शासनाची विकाससाहाय्य यंत्रणा असलेल्या यूएसएडचे संकेतस्थळ फेब्रुवारी २०२५ मध्ये अचानक बंद झाले आणि अनेक दशकांचे प्रकल्प अहवाल अभ्यासकांच्या आवाक्याबाहेर गेले. भारतातील २०२२ चा अनुभव वर आलाच आहे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पानाची प्रत पाहिल्याच्या दिनांकासह स्वतःकडे जतन करावी. नाहीशी झालेली पाने शोधण्यासाठी २००१ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले इंटरनेट आर्काइव्हचे ‘वेबॅक मशीन’ हे साधन वापरावे. जुना संकेतस्थळ-पत्ता टाकल्यास त्या पानाच्या पूर्वीच्या प्रती तेथे पाहता येतात. मात्र शोधचौकटीत नाव टाकल्यावरच उघडणाऱ्या नोंदी तेथे सहसा जतन झालेल्या नसतात.

फसवणुकीचा धोकाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. अनुदान मंजूर झाल्याचे कळवून प्रक्रिया शुल्क मागणारे ई-पत्र आल्यास त्या प्रतिष्ठानाचा ओळख क्रमांक मागून तो आयआरएसच्या अथवा चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत पडताळावा. नोंदवहीतील संकेतस्थळाचा पत्ता व पत्र आलेल्या ई-मेलचा पत्ता यांत तफावत असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. अनुदान देण्यापूर्वी शुल्क मागणे ही प्रतिष्ठित दानसंस्थांची रीत नव्हे.

७. शोधाचा व्यवहार्य क्रम

वरील विवेचनाच्या आधारे शोधाचा क्रम पुढीलप्रमाणे सुचविता येईल.

(अ) अनुदान हवे आहे की दातृत्वाचा अभ्यास करावयाचा आहे, हे प्रथम निश्चित करावे. पहिल्यास अलीकडच्या दोन-तीन वर्षांची माहिती पुरते. दुसऱ्यास दीर्घ कालखंडाची लागते.

(आ) आपल्या विषयात व आपल्यासारख्याच भारतीय संस्थांना कोणी निधी दिला आहे, याचा शोध घ्यावा. अशा संस्थांच्या वार्षिक अहवालांतील आभाराची पाने व संशोधनलेखांच्या शेवटी येणारी अर्थसाहाय्याची नोंद हे यासाठी सोपे व विनामूल्य साधन आहे.

(इ) दात्याचे नाव मिळाल्यावर त्याचा देश व कायदेशीर प्रकार ओळखावा आणि त्यानुसार मूळ दप्तराकडे जावे.

(ई) किमान तीन वर्षांची विवरणपत्रे पाहून अनुदानांची सर्वसाधारण रक्कम, प्रदेश व विषय यांचा तक्ता करावा. संकेतस्थळावरील उद्दिष्टांपेक्षा हा तक्ता दात्याचा खरा कल दाखवितो.

(उ) घेणाऱ्या संस्थेच्या लेख्यांशी नोंद ताडून पाहावी. आर्थिक वर्ष, चलनाचा दर व हप्ते यांमुळे येणारा फरक आणि खरी विसंगती यांत भेद करावा.

(ऊ) सैद्धांतिक चौकटीसाठी या क्षेत्राला वाहिलेल्या ‘नॉनप्रॉफिट अँड व्हॉलंटरी सेक्टर क्वार्टर्ली’ व ‘व्हॉलंटास’ या नियतकालिकांचे अंक चाळावेत. भारतीय संदर्भासाठी अशोका विद्यापीठातील सेंटर फॉर सोशल इम्पॅक्ट अँड फिलान्थ्रॉपी या केंद्राचे अहवाल पाहावेत.

समारोप

आंतरजालामुळे परदेशी दातृत्वाचे संशोधन महानगरांतील मोठ्या ग्रंथालयांपुरते मर्यादित राहिलेले नाही, ही स्वागतार्ह बाब होय. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकही आज न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठानाचा हिशेब वाचू शकतो. तथापि या सुलभतेत एक असमतोल दडलेला आहे. देणाऱ्याची दप्तरे उघडी व सुव्यवस्थित आहेत. घेणाऱ्याची दप्तरे विस्कळीत, अंशतः बंद किंवा कपाटांत पडून आहेत. परिणामी भारतीय संस्थांना मिळालेल्या साहाय्याचा इतिहास देणाऱ्याच्या कागदपत्रांवरूनच लिहिला जाण्याची शक्यता अधिक. अनुदान का दिले, हे त्या कागदपत्रांतून कळते. ते आल्याने संस्थेत काय घडले, कोणते विषय पुढे आले, कोणते मागे पडले आणि निधी थांबल्यावर काय टिकले, हे त्यांतून क्वचितच कळते.

ही उणीव भरून काढण्याचे साधन महाविद्यालयांच्याच हाती आहे. मातृसंस्थांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण अहवाल, व्यवस्थापन मंडळाचे ठराव आणि दात्यांशी झालेला पत्रव्यवहार यांची सूची करणे व शक्य तेवढा भाग अंकीय स्वरूपात खुला करणे, हे ग्रंथालय, इतिहास व वाणिज्य या विभागांना एकत्रितपणे करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी परदेशी अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. तसे झाल्यास देणारा व घेणारा या दोघांचीही दप्तरे समोरासमोर ठेवून अभ्यास करता येईल आणि महाराष्ट्रातील संस्थांच्या जडणघडणीत परदेशी दातृत्वाचा वाटा नेमका किती, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंच्या पुराव्यानिशी देता येईल.